'नेट नई शे' : अभ्यासिकेतल्या पाच संगणकांच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

आमचं गाव चोपडा तालुक्यात. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे आणि तिथे पाच जुने संगणक आहेत. एका पतपेढीने नवे घेतले तेव्हा हे आम्हाला दिले. चारांवर विंडोज ७ आणि दोन जीबी रॅम, पाचव्यावर विंडोज १० आणि चार जीबी. जूनमध्ये फायबरचं कनेक्शन आलं. तेव्हापासून आठवी ते दहावीची पोरं संध्याकाळी साडेपाच ते आठ इथे बसतात. दीक्षावरचे पाठ, ई-बालभारतीची पुस्तकं, फेट या संकेतस्थळावरचे विज्ञानाचे प्रयोग, यूट्यूबवरची गणितं, असं त्यांचं चालतं. कॉलेजच्या दोन मुली स्वयम् वरचा अभ्यासक्रम करतात.

तीन महिने झाले, पण अर्धा वेळ काहीच उघडत नाही. कुठल्याही अडचणीला पोरांचं एकच वाक्य ठरलेलं: "ताई, नेट नई शे." म्हणजे नेट नाही. मग जिभाऊ, म्हणजे आमचे ग्रंथपाल, केबलवाल्याला फोन लावतात. तो म्हणतो लाइन बरोबर आहे. पोरं घरी जातात. दोन मुलींनी तर येणंच सोडलं, आपल्यालाच हे जमत नाही असं त्यांना वाटलं. ते मला फार लागलं.

मी विज्ञान शिकवते, संगणकाचं शिक्षण माझं नाही. तरी बसून एकेक अडचण सोडवायची ठरवलं आहे. दुसऱ्या एखाद्या गावच्या अभ्यासिकेला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

आज फक्त एक वही घातली. रकाने चार: तारीख, संगणकाचा क्रमांक, काय उघडत होतो, पडद्यावर काय लिहून आलं. चौथा रकाना सगळ्यात अवघड गेला, कारण तिथेही पोरं "नेट नाही" असंच लिहितात. शेवटी सांगितलं, लिहू नका, फोनने फोटो काढा. पहिल्याच संध्याकाळी नऊ फोटो जमले. त्या नऊही वेळी त्याच वायफायवर माझ्या फोनवर व्हिडिओ नीट चालत होता.

८ ते १३ सप्टेंबर

नऊपैकी चार फोटो संगणक २ आणि ४ चे. लाल खूण आणि खाली इंग्रजीत 'युअर क्लॉक इज बिहाइंड'. पडदा स्वतःच सांगत होता की घड्याळ मागे आहे, पण लाल खूण दिसली की कुणी पुढचं वाचत नाही. मीही तीन महिने वाचलं नव्हतं. दोन्हींवर तारीख १ जानेवारी २००९ होती.

सुरक्षित संकेतस्थळाकडे ते खरं असल्याचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाला वाटत होतं आज २००९ साल आहे, म्हणजे प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच व्हायचं होतं. मग तो एकही पान उघडू देत नव्हता.

मी तारीख हाताने दुरुस्त केली. सगळं उघडलं. पोरं टाळ्या वाजवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा २००९. असे चार दिवस मी रोज तारीख लावत बसले. पाचव्या दिवशी नववीतला एक मुलगा सहज म्हणाला, "ताई, याले चालू करताना रोज एफ-१ दाबनं पडस." तो जूनपासून रोज दाबत होता, त्याला वाटलं ती या संगणकाची रीतच असेल. तीच खरी खूण होती. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की मेन बटण बंद होताच संगणक तारीख विसरतो, आणि चालू होताना एफ-१ मागतो.

सेल सीआर २०३२, तीन व्होल्टचा, जाडसर नाण्याएवढा. चोपड्याला चाळीस रुपयांना मिळाला. पाच घेतले आणि पाचही संगणकांत बदलले. काम दहा मिनिटांचं. बदलताना प्लग काढून ठेवायचा आणि अक्षरं असलेली बाजू वर ठेवायची. नंतर तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन एकदा लावला. आज आठवड्याचा सहावा दिवस, तारीख टिकून आहे.

१४ ते २० सप्टेंबर

या आठवड्यात जी चूक केली ती सविस्तर लिहिते, कारण ती कुणीही करेल.

घड्याळं नीट झाली तरी विंडोज ७ च्या चारही संगणकांवर काही पाठ पांढरेच राहत. पान उघडतं, वरची पट्टी येते, पण मधे काहीच नाही. चूक म्हणून एक अक्षर लिहून येत नाही. मी कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेली पानं) पुसली, ब्राउझर काढून परत टाकला, राउटर बंद-चालू केला. दोन संध्याकाळी गेल्या.

कारण साधं होतं. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. त्यानंतरच्या क्रोमला विंडोज १० तरी लागतं. नवे पाठ नव्या ब्राउझरसाठी लिहिलेले असतात, जुन्याला त्यातल्या काही आज्ञा कळतच नाहीत आणि तो मधेच थांबतो. हे पाहायचं असेल तर त्या पानावर एफ-१२ दाबून 'कन्सोल' उघडावं. तिथे लाल ओळीत 'सिंटॅक्स एरर' दिसली आणि तेच पान फोनवर नीट चालत असलं, तर ब्राउझर जुना आहे असं धरायला हरकत नाही.

हे कळायच्या आधी मी 'विंडोज ७ साठी नवं क्रोम' असं शोधलं आणि वरच आलेल्या एका अनोळखी संकेतस्थळावरून फाइल उतरवून संगणक ३ वर चालवली. नवं क्रोम आलंच नाही. शोधायचं पान बदललं, आणि उजव्या कोपऱ्यात जाहिराती येऊ लागल्या, त्याही नको तसल्या. समोर आठवीची मुलं बसली होती. मी पडदा बंद केला आणि त्या दिवशी तो संगणक कुणालाच दिला नाही. साइट सेटिंगमधल्या 'नोटिफिकेशन'च्या यादीतून अनोळखी नावं काढली, एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सोयी) काढली, तरी शोधपान परत बदलायचं. शेवटी त्याच्यावर विश्वास ठेवायचाच नाही, सगळं पुसायचं असं ठरवलं. ब्राउझर घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. आता हे फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवलं आहे.

आणखी एक असंच. विज्ञानाच्या एका जुन्या पानाने 'फ्लॅश प्लेयर टाका' असं सांगितलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. आज कुणी ते उतरवायला सांगत असेल तर ते पान सोडून द्यावं. त्याच धड्याचा प्रयोग फेटवर नव्या रूपात मिळाला.

तात्पुरता उपाय म्हणून बाकी तीन विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ टाकलं. विंडोज ७ वर चालणारी फायरफॉक्सची शेवटची मालिका तीच. पांढरी राहणारी सात पानं मी यादीत लिहिली होती, त्यातली चार उघडली.

२२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर, घटस्थापना ते दसरा

जिभाऊंशी बोलले. विंडोज ७ ला स्वतः मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या देणं थांबवलं आहे. नवे संगणक घ्यायला पैसे नाहीत. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकायचं ठरलं, त्यातलं हलकं रूप, एक्सएफसीई. ते फुकट आहे आणि त्यात फायरफॉक्स आजच्या आवृत्तीचं मिळतं. रॅम मात्र चार जीबी केलेली बरी.

रॅमची खरेदी चुकली. मी संगणक १ उघडला, डीडीआर ३ जातीची रॅम पाहिली आणि चारांसाठी चार पट्ट्या आणल्या, साडेचारशेला एक. घरी येऊन लावते तर संगणक ४ मध्ये पट्टी बसेचना, खाच वेगळ्या जागी. तो डीडीआर २ निघाला. जोर लावला असता तर बोर्ड गेला असता. दुकानदाराने बदलून दिली, वर अडीचशे घेतले, आणि चोपड्याची एक फेरी वाढली. चारही डबे एका रंगाचे होते म्हणून आतूनही सारखे असतील असं मी धरलं होतं.

मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची. रात्री उतरायला लावली, मधे लाइट गेली, सकाळी फाइल पूर्ण दिसत होती. पेनड्राइव्ह बनवला, संगणक ३ वर चढवायला घेतलं आणि अर्ध्यावर अडकलं. परत केलं, परत अडकलं. साडेतीन तास गेले, मला वाटलं हार्डडिस्क खराब. शेवटी फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जराही बदलली की हा बदलतो) काढून मिंटच्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, जुळला नाही. फाइलच अर्धवट होती. विंडोजमध्ये हा आकडा 'सर्टयुटिल' या आज्ञेने निघतो, दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आधी दिली असती तर माळेच्या दिवशी संध्याकाळी घरी वेळेवर पोचले असते.

दुसऱ्यांदा उतरवलेली फाइल जुळली. पहिल्या संगणकाला दीड तास लागला, उरलेल्या तिघांना प्रत्येकी पाऊण तास. आधी पोरांच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या. दसऱ्याला चारही संगणकांना झेंडूची माळ घालून पूजा केली.

यादीतली सातही पानं उघडली. "ताई, उघडी गयं!" असं ओरडलं ते खाली रस्त्यापर्यंत गेलं असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

छोट्या तक्रारी, पटापट.

व्हिडिओ अडकतो: एकेका संगणकावर चौदा-पंधरा टॅब उघडे होते. प्रत्येक टॅब रॅम खातो. चारपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत असं ठरलं. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कुठला टॅब किती खातो ते दिसतं. व्हिडिओची गुणवत्ता ४८० वर ठेवली, फळ्यावरची गणितं त्यात स्पष्ट वाचता येतात.

संगणक ५ वर व्हिडिओच्या जागी हिरवा पडदा, आवाज मात्र येतो: क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं, ब्राउझर परत चालू केला, नीट झालं.

संगणक १ वर आवाज नाही: स्पीकर बदलले, वायर बदलली, पाऊण तास गेला. कुणीतरी त्या टॅबवर उजवं बटण दाबून साइट म्यूट केली होती.

एका शिक्षकांच्या जुन्या मराठी नोट्स विचित्र चिन्हांत दिसतात: त्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. ब्राउझरच्या सेटिंगने हे सुटत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. दहा पानं बदलली, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागली.

११ आणि १२ ऑक्टोबर

हे दोन दिवस मला विसरता येणार नाहीत.

शनिवारी एका मुलाने चाचणी सोडवली आणि गुण त्याच्या आधी बसलेल्या मुलीच्या नावावर गेले. ती लॉगआउट न करता उठली होती. दोघंही रडकुंडीला आले. मी ठरवलं की ब्राउझर बंद झाला की सगळं पुसलं जाईल, म्हणजे हा घोळ पुन्हा होणार नाही. चारही मिंटवर फायरफॉक्सची ती सेटिंग लावली. शिवाय 'एकदा सगळं साफ करू' म्हणून इतिहास, कुकीज (लॉगिनसारख्या साठवलेल्या खुणा), साइटचा डेटा सगळं एका झटक्यात पुसलं. काही बिघडलं की 'कॅश-कुकीज पुसा' हा सल्ला सगळेच देतात. मीही पोरांना तोच देत होते.

रविवारी दहावीची एक मुलगी आली. इंग्रजी व्याकरणाच्या एका संकेतस्थळावर ती दोन आठवडे रोज बसत होती. तिथे लॉगिन नाही. कुठपर्यंत आलो, किती बरोबर आले, हे सगळं ब्राउझरच्या आतच साठतं. मी पुसलं त्यात तेही गेलं. अठ्ठेचाळीस धडे. तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, मी काही चुकीचं दाबलं का?"

तिला सांगितलं की मी पुसलं, तुझी काही चूक नाही. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या वहीतून शोधलं कुठले धडे झाले होते. तिने प्रत्येक धड्याची तारीख लिहून ठेवली होती, म्हणून पुढून सुरू करता आलं. पण गुण गेले ते गेले.

त्यानंतर बदललेली पद्धत अशी. पान बिघडलं तर आधी कंट्रोल-एफ५ दाबून ताजं करायचं. नाही झालं तर तेच पान खासगी विंडोत उघडायचं. तिथे चाललं तर दोष या ब्राउझरमध्ये साठलेल्या गोष्टींत किंवा एक्स्टेंशनमध्ये आहे. तिथेही नाही चाललं तर पुसून काही मिळणार नाही. पुसायचंच असेल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर जाऊन फक्त त्या एका साइटचा डेटा पुसायचा, आणि त्याआधी विचारायचं की तिथे कुणाचं काही साठलं आहे का.

आणि बंद होताच पुसण्याची सेटिंग काढून टाकली. नावांचा घोळ टाळायला मिंटवर प्रत्येक मुलाचं वेगळं खातं केलं. बावीस खाती, दोन तास. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. जिभाऊंना कुणीतरी सांगितलं की संगणक ५ आज बंद पडणार. तो नेहमीसारखा चालू झाला. दिवाळीनंतर त्याच्यावरही मिंट चढवू.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीत पोरं कापूस वेचायला जातात, म्हणून गर्दी कमी होती. तेवढ्यात तीन जुन्या तक्रारी हातात घेतल्या.

पहिली: 'चाचणी सुरू करा' हे बटण दाबलं तरी काही होत नाही. पाचही संगणकांवर तसंच, म्हणून मी संकेतस्थळाला दोष देत होते. खासगी विंडोत मात्र ते चाललं. खासगी विंडोत एक्स्टेंशन सहसा बंद असतात, तिथून धागा सापडला. संगणक ३ वर जे झालं त्याच्या धसक्याने मी सगळीकडे जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन टाकलं होतं, आणि तेच चाचणीचा भागही अडवत होतं. एक्स्टेंशन ठेवलं, त्या एका साइटला सूट दिली.

दुसरी: स्वयम् करणाऱ्या मुलीला एका वेगळ्या पानावर व्याख्यानाचा व्हिडिओ रिकामा दिसे. तो व्हिडिओ दुसऱ्या साइटवरून तिथे बसवलेला होता आणि फायरफॉक्सचं ट्रॅकिंग-संरक्षण 'स्ट्रिक्ट'वर होतं. तेही मीच केलेलं. पत्त्याजवळच्या ढालीच्या चिन्हावरून त्या साइटपुरतं ते बंद केलं.

तिसरी: सर्टिफिकेट उतरत नाही. ते नव्या खिडकीत उघडतं आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. फायरफॉक्स पानाच्या वर पट्टी दाखवतो, क्रोम पत्त्याच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह दाखवतो. तिथून परवानगी दिली की झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

वही उघडून मोजलं. ७ सप्टेंबरपासून एकशे एकतीस तक्रारी. त्यात नेट खरोखर नव्हतं अशा सतरा. बहुतेक लाइट गेल्यामुळे, राउटर बंद पडून. दोनदा रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडली. एकदा नेट होतं, पण नावावरून पत्ता शोधणारी सेवा (डीएनएस) बंद होती. व्हॉट्सअ‍ॅप चालू आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही, अशी ती खूण. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सार्वजनिक सेवांचे पत्ते घातले, ताबडतोब चाललं.

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, साडेबाराशेला. लाइट गेली तरी राउटर तीन तास चालतो. संगणक अर्थातच बंद होतात, पण पोरं फोनवर तरी वाचत राहतात.

फेटचे प्रयोग फाइल म्हणून उतरवता येतात, आणि उतरवलेले नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. प्रकाश, विद्युतमंडल, घनता असे चौदा प्रयोग सगळ्या संगणकांवर ठेवले. वायर दुसऱ्यांदा तुटली त्या दिवशी आठवीचा विद्युतचा तास यावरच झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

हिशेब: सेल २००, रॅम २,०५०, पेनड्राइव्ह ३५०, यूपीएस १,२५०, चोपड्याच्या तीन फेऱ्या १८०. एकूण ४,०३० रुपये. जिभाऊंनी वर्गणीतून दिले. माझे तास मोजले नाहीत, पण वाया गेलेले मोजले: साधारण एकवीस. त्यातले सर्वात जास्त विंडोज ७ वर नवं क्रोम बसवायच्या नादात गेले.

संगणक ५ वर आज मिंट चढवलं. त्याचा वायफाय धरत नाही, सध्या राउटरपासून वायर ओढली आहे. संगणक २ चा पंखा आवाज करतो, उन्हाळ्याच्या आधी तो बदलायला हवा, इथे मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापते. व्याकरणवाली मुलगी बावन्नाव्या धड्यावर आहे. येणं सोडलेल्या दोघींपैकी एक काल परत आली. तिला खातं उघडून दिलं, तेविसावं.